मोटर सुरू होताना दिवे का मंदावतात?

मुलांनो, औरंगपुऱ्याचा रस्ता तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. जून महिना आला, की पाठ्यपुस्तके, वह्या आणि कंपासपेट्या घ्यायला आपल्या शहरातली अर्धी मुले तिकडेच जातात. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात विजेचा फार मोठा तुटवडा होता. रोज ठरावीक वेळी वीज बंद केली जात असे. वर्तमानपत्रे त्याला 'भारनियमन' म्हणत, लोक मात्र 'लोडशेडिंग' म्हणत. वीज गेली, की दुकानांसमोर ठेवलेले जनरेटर एकामागून एक सुरू होत आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. त्या दिवसांची हकिकत तुमच्या अब्बांना किंवा थोरल्या भावाला विचारा, ते सांगतील.

आता ती परिस्थिती राहिली नाही. छोट्या दुकानांत इन्व्हर्टर आले. पण रुग्णालये, मंगल कार्यालये, शादीखाने, उंच इमारती आणि चिकलठाणा-वाळूजचे कारखाने यांना जनरेटर अजून लागतोच. सरकारी मराठीत त्याला 'जनित्र' म्हणतात. हा शब्द परीक्षेपुरता लक्षात ठेवा. बाजारात जनित्र मागितले, तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहील.

जनरेटरवर चालणाऱ्या इमारतीत एक गोष्ट नेहमी दिसते. दिवे लागलेले असतात, पंखे फिरत असतात, सारे व्यवस्थित असते. इतक्यात कोणी तरी पाण्याच्या पंपाचे किंवा लिफ्टचे बटण दाबते. लगेच दिवे मंदावतात. बाहेर जनरेटरचे इंजिन क्षणभर दबल्यासारखे होऊन मग जोराने घरघरते. दोन-तीन सेकंदांनी सगळे पूर्वीसारखे होते. पण कधी कधी ते पूर्वीसारखे होत नाही. मोटर नुसती घुमत राहते, गती घेत नाही. स्टार्टर 'खट्' आवाज करून सुटतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. असे का होते, ते आज आपण पाहू.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. तारेतून वाहणाऱ्या विजेला मराठीत 'विद्युतप्रवाह' म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात त्यालाच 'बर्की रौ' म्हटले आहे. तो अँपिअरमध्ये मोजतात. हा प्रवाह ज्या जोराने ढकलला जातो तो 'विजेचा दाब', म्हणजेच व्होल्टेज. आपल्या घरात तो सुमारे २३० व्होल्ट असतो. कारखान्यातल्या मोठ्या मोटरींना तीन तारांतून, म्हणजे 'थ्री फेज'ने, ४१५ व्होल्ट मिळतात.

प्रवाह आणि दाब यांचा संबंध आपल्या शहरातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. पाणी येण्याच्या दिवशी गल्लीत काय होते, ते आठवा. सगळ्या घरांत नळाची धार बरी चालू असते. मग एखादा शेजारी नळाला मोटर लावतो आणि तुमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. पाइप तोच, पाणी तेच. एकाने एकदम जास्त ओढले, म्हणून बाकीच्यांचा दाब पडला. जनरेटरवर मोठी मोटर सुरू करणारा माणूस त्या शेजाऱ्यासारखाच वागत असतो, फक्त तो पाण्याऐवजी वीज ओढतो.

पण मोटर सुरुवातीलाच इतकी वीज का ओढते? पुष्कळ लोक सांगतात, की थांबलेली जड वस्तू हलवायला जोर लागतो, म्हणून. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. थांबलेल्या वस्तूला थांबूनच राहावेसे वाटते, या गुणाला मराठीत 'जडत्व' आणि उर्दूत 'जमूद' म्हणतात. त्या जडत्वामुळे मोटरीला गती घ्यायला वेळ लागतो. परंतु पहिल्याच क्षणी प्रवाह उसळतो, त्याचे खरे कारण मोटरीच्या पोटात आहे.

आपल्याकडच्या गिरण्या, पंप आणि कारखाने यांत बहुतेक ठिकाणी 'इंडक्शन मोटर' असते. तिच्या बाहेरच्या स्थिर भागात तारांच्या गुंडाळ्या असतात. त्यांत थ्री फेज वीज सोडली, की आत एक चुंबकीय क्षेत्र, म्हणजे 'मिकनातीसी मैदान', गोल फिरू लागते. लोखंडाचा कोणताही भाग हलत नाही, तरी चुंबकत्व मात्र फिरते. नेहमीच्या एका प्रकारच्या मोटरीत ते मिनिटाला १५०० फेरे घेते. मध्यभागी जो भाग फिरतो त्याला 'रोटर' म्हणतात. त्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड सळ्या पिंजऱ्यासारख्या बसवलेल्या असतात. फिरणारे चुंबकत्व या सळ्यांना ओलांडून जाते, तेव्हा त्यांच्यात वीज निर्माण होते, आणि त्या विजेमुळे रोटर चुंबकत्वाच्या मागे ओढला जाऊन फिरू लागतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या नियमाचाच हा उपयोग आहे.

आता आकडे पाहा. मोटर पूर्ण वेगात असते, तेव्हा रोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेतो. चुंबकत्व १५०० फेरे घेते. दोघांतला फरक फक्त ६० फेऱ्यांचा. म्हणजे चुंबकत्व सळ्यांना सावकाश ओलांडते आणि त्यांत बेताची वीज तयार होते. पण बटण दाबले त्या क्षणी रोटर स्थिर असतो. तेव्हा फरक पूर्ण १५०० चा असतो. चुंबकत्व सळ्यांवरून नेहमीच्या २५ पट वेगाने धावते. त्यामुळे सळ्यांत प्रचंड वीज निर्माण होते आणि तिची भरपाई करायला मोटर बाहेरून तसाच प्रचंड प्रवाह ओढते.

वर्गात हे शिकवताना कोणी तरी विचारतेच, की मग प्रवाह २५ पट का होत नाही? प्रश्न चांगला आहे. सळ्यांमधली वीज दिशा बदलणारी असते. मोटर चालू असताना ती सेकंदाला फक्त दोन वेळा पूर्ण आवर्तन करते. मोटर स्थिर असताना ती सेकंदाला ५० आवर्तने करते. इतक्या भराभर दिशा बदलणाऱ्या विजेला लोखंडातल्या गुंडाळ्या आणि सळ्या जास्त अडवतात. या अडवणुकीमुळे प्रवाह २५ पटींपर्यंत पोहोचत नाही. तो साधारण पाच ते सात पटींवर थांबतो. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे १४ अँपिअर घेते. तीच मोटर सरळ बटण दाबून सुरू केली, तर पहिल्या क्षणी ८० अँपिअरच्या वर घेते.

महावितरणच्या तारेवर ही उसळी फारशी जाणवत नाही. त्या तारेमागे परळी, कोराडी, चंद्रपूर, कोयना अशी मोठमोठी वीजकेंद्रे एका जाळ्यात बांधलेली आहेत. समुद्रातून बादलीभर पाणी काढले तर पातळी खाली जात नाही, तसेच हे. लांबच्या तारेच्या टोकाला असलेल्या घरात दिवा किंचित मिचकावतो, एवढेच. जनरेटर मात्र एकटा असतो. त्याच्या मदतीला कोणी येत नाही.

जनरेटरचे दोन भाग असतात आणि दोघांची कामे वेगळी आहेत. एक डिझेल इंजिन. दुसरा भाग प्रत्यक्ष वीज तयार करणारा, त्याला 'अल्टरनेटर' म्हणतात. इंजिन गती देते. अल्टरनेटरमधले चुंबकत्व दाब देते. मोटरीचा मोठा प्रवाह अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांतून जाऊ लागला, की तो अल्टरनेटरच्या स्वतःच्या चुंबकत्वालाच विरोध करतो. चुंबकत्व कमजोर पडते आणि दाब कोसळतो. अल्टरनेटरवर एक छोटे यंत्र पहारा देत असते. दाब पडल्याचे दिसताच ते चुंबकत्व वाढवते. पण चुंबकत्व वाढायला थोडा वेळ लागतो. सेकंदाचा काही भाग जातो, कधी पूर्ण सेकंदही जातो. तेवढ्या वेळात दिवे मंदावून गेलेले असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'इंजिन दमदार आहे, मग कशाला काळजी?' असे लोक म्हणतात. परंतु मोटर सुरू होतानाच्या प्रवाहाचा बराचसा भाग काम करणारा नसतोच. तो मोटरीत चुंबकत्व उभे करण्यासाठी येतो आणि परत जातो. त्याचे ओझे इंजिनावर थोडे पडते, अल्टरनेटरवर फार पडते. इंजिन घोड्यासारखे सशक्त असले आणि अल्टरनेटर लहान असला, तरी दिवे मंदावणारच. जनरेटर घेताना इंजिनाची अश्वशक्ती विचारणारे पुष्कळ भेटतात, अल्टरनेटरची चौकशी करणारा क्वचित भेटतो.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका गिरणीवाल्याची दहा अश्वशक्तीची चक्की आहे. रमजानचे दिवस आहेत, लोक पिठाचे डबे घेऊन रांगेत उभे आहेत आणि वीज सारखी जाते. त्याला जनरेटर घ्यायचा आहे. दुकानदार त्याला तीन जनरेटर दाखवतो: १५ केव्हीएचा, २५ केव्हीएचा आणि साडेबासष्ट केव्हीएचा. केव्हीए हे जनरेटरची क्षमता मोजण्याचे माप आहे. चक्की चालू असताना तिला सुमारे १० केव्हीए लागतात. गिरणीवाला म्हणेल, 'मला तर दहाच लागतात, पंधराचा बस झाला.' बेरीज बरोबर आहे, पण बेरजेत सुरुवातीचा क्षण धरलेला नाही.

त्या क्षणी मोटर सहापट ओढेल, म्हणजे ६० केव्हीए. दाब किती पडेल, ते काढण्याची एक ढोबळ रीत आहे. जनरेटरच्या केव्हीएला पाचने गुणा. त्यात मोटरीचे सुरुवातीचे केव्हीए मिळवा. मग मोटरीच्या सुरुवातीच्या केव्हीएला या बेरजेने भागा. येईल तो दाबातल्या घटीचा हिस्सा. हा 'पाच' सगळ्या जनरेटरांना सारखा लागू नाही. अल्टरनेटरबरोबर कारखान्याचा जो कागद मिळतो, त्यावरून खरा आकडा काढता येतो. पण अंदाजासाठी पाच चालेल.

१५ केव्हीएचा जनरेटर घेऊ. १५ गुणिले ५ म्हणजे ७५. त्यात ६० मिळवले, १३५ झाले. ६० भागिले १३५ म्हणजे सुमारे ०.४४. दाब शेकडा ४४ ने पडला. २३० व्होल्टच्या जागी १२८ व्होल्ट उरले. २५ केव्हीएच्या जनरेटरवर याच रीतीने शेकडा ३२ ची घट येते आणि सुमारे १५५ व्होल्ट उरतात. साडेबासष्टच्या जनरेटरवर घट शेकडा १६ ची, म्हणजे १९३ व्होल्ट उरतात. वहीत स्वतः करून पाहा.

यात आणखी एक मेख आहे. मोटरीची फिरवण्याची ताकद दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दाब निम्मा झाला, तर ताकद निम्मी न होता पाव होते. आपल्या पंधराच्या जनरेटरवर दाबाचा ०.५६ हिस्सा उरला होता. ०.५६ गुणिले ०.५६ म्हणजे सुमारे ०.३१. मोटरीची ताकद तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली. चक्कीत दाणे असतील, तर पाट हलणारच नाही. मोटर स्थिर राहिली, की प्रवाह सहापटच राहतो. प्रवाह सहापट राहिला, की दाब वर येत नाही. दाब वर येत नाही, म्हणून मोटर हलत नाही. या चक्रात मोटर तापते आणि काही वेळाने तिच्या गुंडाळ्या जळल्याचा वास येतो.

बहुधा त्याआधी स्टार्टर सुटतो. स्टार्टरमध्ये एक लहान विद्युतचुंबक असतो. तो लोखंडी पट्टी धरून ठेवतो, म्हणून मोटरीला वीज मिळत राहते. दाब नेहमीच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत कोठे तरी घसरला, की या चुंबकाची पकड सुटते. म्हणजे मोटर स्वतःच दाब पाडते आणि त्या पडलेल्या दाबामुळे स्वतःच बंद होते. मग दाब परत चढतो. माणूस पुन्हा बटण दाबतो, पुन्हा तेच. तीन-चार वेळा असे केले, की मोटर गरम होते. अशा वेळी बटण दाबत राहण्याऐवजी थोडे थांबून बाकीचा भार कमी करावा.

मग गिरणीवाल्याने सगळ्यांत मोठा जनरेटर घ्यावा काय? पैसे असले तरी तो नेहमीच शहाणपणा नव्हे. मोठा जनरेटर महाग असतो, डिझेल जास्त खातो, आणि डिझेल इंजिन फार कमी भारावर तासन्‌तास चालवले, तर त्यात काजळी आणि न जळलेले तेल साचते. दोन सेकंदांच्या गरजेसाठी रोजचा खर्च वाढवण्यापेक्षा मोटरीलाच सावकाश उठवावे, हे बरे.

त्याची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे 'स्टार-डेल्टा स्टार्टर'. मोटरीत तीन गुंडाळ्या असतात. सुरुवातीला त्या अशा जोडतात, की प्रत्येकीला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्टच मिळतात. या जोडणीचे चित्र तीन पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे दिसते, म्हणून ती स्टार. मोटर वेगात आली, की जोडणी बदलून प्रत्येक गुंडाळीला पूर्ण ४१५ व्होल्ट देतात. हे चित्र त्रिकोणासारखे असते. डेल्टा हे ग्रीक अक्षर त्रिकोणी आहे, त्यावरून हे नाव पडले. स्टारमध्ये मोटर तारेतून एक-तृतीयांश प्रवाह ओढते. आपल्या हिशेबात ६० च्या जागी २० केव्हीए येतील. आता १५ च्या जनरेटरवर घट शेकडा २१ ची होते आणि १८२ व्होल्ट उरतात. २५ च्या जनरेटरवर तर १९८ व्होल्ट उरतात. म्हणजे २५ चा जनरेटर आणि चांगला स्टार-डेल्टा स्टार्टर मिळून साडेबासष्टच्या जनरेटरपेक्षा बरे काम देतात. स्टारमधून डेल्टामध्ये जाताना एक लहान झटका पुन्हा बसतो, पण मोटर तोपर्यंत वेगात आलेली असेल, तर तो सोसता येतो. लिव्हर घाईने ओढली, तर सगळी मेहनत वाया जाते.

स्टारमध्ये ताकदही एक-तृतीयांशच असते, हे विसरू नका. म्हणून चक्की रिकामी सुरू करावी लागते. आपले चक्कीवाले चाचा हे कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतात. आधी चक्की चालू करतात, तिचा आवाज एकसारखा झाला, की मगच दाणे सोडतात. मात्र यात एक बारकावा आहे. रिकामी सुरू केल्याने पहिल्या क्षणाचा प्रवाह कमी होत नाही. रोटर स्थिर असताना मोटरीला, पुढे दाणे आहेत की नाहीत, याचा पत्ता नसतो. फरक पडतो तो वेळेत. रिकामी मोटर लवकर वेग घेते, म्हणून दिवे मंदावतात पण चटकन सावरतात.

ही अडचण मोटरीइतकीच जुनी आहे. निकोला टेस्ला यांना फिरत्या चुंबकत्वाच्या मोटरीचे पेटंट १८८८ मध्ये अमेरिकेत मिळाले. पिंजऱ्याची थ्री फेज मोटर १८८९ मध्ये जर्मनीत मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन अभियंत्याने बनवली. मोठी मोटर सुरू होताना फार प्रवाह ओढते, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. रोटरच्या गुंडाळ्यांना सुरुवातीपुरता बाहेरून 'विरोध' जोडायचा, म्हणजे उर्दूतली 'मजाहमत' वाढवायची, ही युक्ती त्यानेच काढली. १८९१ मध्ये फ्रँकफर्ट शहरात विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे १७५ किलोमीटरवरच्या लाउफेन गावातल्या एका जलविद्युत जनरेटरवरून वीज आणली होती. प्रदर्शनात सुमारे हजार दिवे लागले आणि शंभर अश्वशक्तीच्या एका मोटरीने पंप चालवून कृत्रिम धबधबा वाहता केला. दिवे आणि मोठी मोटर यांना एका जनरेटरवर नांदवण्याचा प्रश्न त्या वेळीही होताच.

आपल्या पाणचक्कीला मात्र हा प्रश्न कधी पडला नसेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की डोंगराकडून खापराच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर चालत असे आणि यात्रेकरू व फकिरांसाठी पीठ दळत असे. पाण्यावरच्या चक्कीला झोत हळूहळू सोडता येतो. आधी थोडे पाणी, पाते हलले की आणखी थोडे. विजेच्या बटणाला अशी मधली पायरी नव्हती. ते एक तर बंद किंवा पूर्ण चालू. ही मधली पायरी आता 'सॉफ्ट स्टार्टर' देतो. तो काही सेकंदांत दाब हळूहळू चढवत नेतो. 'व्हीएफडी' नावाचे यंत्र त्याहून हुशार आहे. ते फिरणाऱ्या चुंबकत्वाचा वेगच आधी कमी ठेवते आणि रोटर जसा पळेल तसा वाढवत नेते. चुंबकत्व आणि रोटर यांच्यातला फरक कधी फार होऊ देत नाही. त्यामुळे सहापट उसळी येतच नाही. नव्या लिफ्टमध्ये बहुधा अशीच यंत्रे असतात. किंमत जास्त आहे, पण जेथे जनरेटर लहान आहे तेथे ती वसूल होते.

गिरणीत स्टार्टर सुटला, तर पीठ उशिरा मिळेल. शादीखान्यात दाब पडला आणि जुन्या पद्धतीचे मोठे सोडियमचे किंवा पाऱ्याच्या वाफेचे दिवे विझले, तर ते गार होऊन पुन्हा लागायला काही मिनिटे लागतील, आणि तेवढा वेळ पाहुणे अंधारात बसतील. पण काही ठिकाणी एवढ्यावर भागत नाही.

उंच इमारतीत आग विझवण्यासाठी मोठा पंप असतो. आग लागली, की बहुतेक वेळा इमारतीची नेहमीची वीज तोडावी लागते. मग विजेचा पंप जनरेटरवरच सुरू व्हायला हवा. ३० किलोवॅटचा, म्हणजे ४० अश्वशक्तीचा, पंप चालू असताना सुमारे ४० केव्हीए घेतो. १२५ केव्हीएचा जनरेटर त्याला भरपूर वाटतो. पण सरळ सुरू केला, तर पंप २४० केव्हीए मागतो. आपल्या रीतीने घट काढा. २४० भागिले ८६५ म्हणजे शेकडा २८. दाब १६६ व्होल्टवर येतो. त्याच वेळी जिन्यातले दिवे आणि लिफ्टही त्याच जनरेटरवर असतील, तर दाब आणखी खाली जाईल आणि स्टार्टर सुटण्याची भीती आहे. स्टार-डेल्टाने सुरू केला, तर घट शेकडा ११ वर राहते. म्हणून बऱ्याच इमारतींत आगीचा एक पंप विजेवर न ठेवता थेट डिझेल इंजिनाला जोडतात. मधली वीजच काढून टाकली, की दाब पडण्याचा प्रश्न उरत नाही.

अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा जनरेटर दहा मिनिटे रिकामा चालवतात आणि वहीत 'तपासणी झाली' असे लिहितात. माझ्या मते अशी तपासणी अर्धीच आहे. रिकामा जनरेटर चालला, यावरून त्यात डिझेल आहे आणि बॅटरी चांगली आहे, एवढेच कळते. नेहमीची वीज बंद करून, दिवे चालू ठेवून, जनरेटरवर तो पंप प्रत्यक्ष सुरू करून पाहिला, तरच तो आगीच्या दिवशी सुरू होईल की नाही ते समजते.

रुग्णालयात जनरेटर, लिफ्ट, क्ष-किरण यंत्र आणि अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी असतात. लिफ्ट सुरू झाल्याने दाब पडला आणि रुग्णाच्या उशाशी असलेले यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले, तर परिचारिकेला सगळी मांडणी परत करावी लागते. म्हणून अशा यंत्रांना मध्ये यूपीएस देतात. तो बॅटरीच्या आधाराने तेवढे क्षण दाब सांभाळतो. ज्यांची ऐपत आहे, ते लिफ्ट आणि पंप यांना एक जनरेटर आणि बाकीच्यांना दुसरा ठेवतात.

आणखी एक उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मोटरी एकदम सुरू करू नयेत. सगळ्यांत मोठी मोटर आधी, जनरेटरवर दुसरे काही नसताना सुरू करावी. ती वेगात आली, की तिच्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि दिवे व संगणक शेवटी. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट होते. वीज जाते तेव्हा सगळी बटणे चालूच राहतात. जनरेटर लागताच सगळ्या मोटरी एकत्र उठू पाहतात आणि जनरेटर गुडघे टेकतो. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की चुंबकाची पकड सुटते आणि वीज आल्यावर माणसाने बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही, ती याचसाठी. काही लोक ही सोय गैरसोयीची समजून तारा बदलून घेतात. तसे करू नये.

हाच क्रमाचा नियम आपल्या नळाच्या पाण्यालाही लागू आहे. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, पाणी सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येते. हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. नाथसागराची पातळी शहरापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे, म्हणून सगळे पाणी मोठमोठ्या पंपांनी वर चढवावे लागते. हे पंप मोठ्या वीजवाहिनीवर चालतात, तरीही ते सगळे एकाच वेळी सुरू करणे योग्य नसते. पहिला पंप वेगात आला, त्याची झडप सावकाश उघडली, पाइपातला दाब जमला, की दुसरा. मग तिसरा. पुढे पाणी मैलोन्‌मैल पाइप भरत शुद्धीकरण केंद्रात जाते, तेथून टाक्यांत चढते. पैठणला वीज अर्धा तास गेली आणि परत आली, तरी आपल्या गल्लीतला नळ त्यानंतर कितीतरी तास कोरडा राहतो, त्याचे एक कारण हे आहे.